सापडले नाही, म्हणजे नाही असे नव्हे

रानात चरायला गेलेली गाय संध्याकाळी गोठ्यात आली नाही, तर घरचा माणूस कंदील घेऊन बाहेर पडतो. गाय दिसत नाही ही एक गोष्ट आणि गाय मेली ही दुसरी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण तोच माणूस एखाद्या कार्यालयाच्या खिडकीपुढे उभा राहतो, कारकून त्याचे नाव संगणकावर टंकतो, पडद्यावर "नोंद सापडली नाही" अशी अक्षरे उमटतात, आणि दोघेही समजून चालतात की नोंद नाहीच. यंत्राने सांगितले ना, मग संपले!

वाचकहो, यंत्र तसे म्हणालेले नसते. त्याने फक्त आपल्या सूचीत पाहिलेले असते. ही सूची कशी तयार होते, ती कोठे चुकते, आणि चुकली तर जाणते लोक काय तजवीज करून ठेवतात, ते आज सांगायचे आहे. विषय मोठ्या कार्यालयांच्या सॉफ्टवेअरचा आहे खरा. पण ज्याला हिशेबाची वही आणि शाळेचे हजेरीपत्रक ठाऊक आहे, त्याला तो कळण्यास काही अडचण नाही.

उदाहरणासाठी असे समजा, की एका शिक्षणसंस्थेच्या चाळीस शाळा आहेत. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर आहे. आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आईबापांचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख त्यात असते. ही सारी रजिस्टरे संस्थेने संगणकात उतरवून घेतली. आता १९६५ साली चौथीतून शाळा सोडलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांना वयाचा पुरावा म्हणून दाखला हवा. दाखला मिळाला तर पुढचे काम होणार, न मिळाला तर अडणार. नोंदी लाखांच्या घरात आहेत. त्यातून एक कशी काढायची?

एकेक पान उलटून पाहणे हा एक मार्ग झाला. संगणक माणसापेक्षा फार वेगाने पाने उलटतो, पण लाखो पाने प्रत्येक वेळी उलटायची म्हटले तर त्यालाही वेळ लागतो, आणि शंभर माणसे एकदम विचारू लागली तर तो थकतो. दुसरा मार्ग आपल्या घरीच आहे. तुकोबांची गाथा काढा. शेवटी अभंगांची अकारादी सूची असते. अभंगाचे पहिले दोन शब्द आठवले, की सूचीवरून क्रमांक मिळतो आणि क्रमांकावरून अभंग. संगणक हीच युक्ती करतो, मात्र पहिल्या शब्दापुरती नव्हे, तर प्रत्येक शब्दासाठी.

एक लहान नमुना पाहा. तीन नोंदी आहेत. पहिली: "विहीर बांधली, पाणी लागले." दुसरी: "शेताला पाणी दिले." तिसरी: "जुनी विहीर बुजवली." यांची सूची अशी होईल: "पाणी" या शब्दापुढे १ आणि २, "विहीर" या शब्दापुढे १ आणि ३. आता कोणी "विहीर पाणी" असे विचारले, तर दोन्ही यादींत असलेला आकडा १. म्हणजे पहिली नोंद हवी. नोंदी वाचाव्या लागल्याच नाहीत. नोंदीवरून शब्दांकडे जाण्याऐवजी शब्दावरून नोंदीकडे जायचे, म्हणून हिला उलटी सूची म्हणतात.

डग कटिंग नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९९९ साली अशी सूची बांधणारे सॉफ्टवेअर लिहिले. त्याचे नाव लुसीन. ते कोणालाही फुकट वापरता येते. त्याच्यावर पुढे मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक इलॅस्टिकसर्च. शाय बॅनन हे त्याचे कर्ते. त्यांची पत्नी लंडनला पाककला शिकत होती, तिच्या पाककृती चटकन सापडाव्यात म्हणून त्यांनी शोधाचे काम हाती घेतले, आणि त्यातूनच पुढे २०१० साली इलॅस्टिकसर्च बाहेर आले. स्वयंपाकाच्या वहीपासून निघालेली ही वस्तू आज जगभर मोठ्या कार्यालयांत वापरली जाते. खाली जे आकडे देणार आहे ते याच सॉफ्टवेअरचे. पण तत्त्व सगळीकडे सारखेच.

पहिली गोष्ट मनात पक्की करावी ती ही, की सूची म्हणजे मूळ रजिस्टर नव्हे. रजिस्टर एका जागी, सूची दुसऱ्या जागी. सूची रजिस्टरावरून केलेली आहे. ती जळाली तरी पुन्हा करता येते. रजिस्टर जळाले तर मात्र काही उरत नाही. म्हणून नोंद खरी की खोटी, आहे की नाही, याचा निवाडा रजिस्टराने करावा, सूचीने करू नये. सूचीचे काम रस्ता दाखवण्याचे.

आता सूची चुकते कोठे ते पाहू. शिक्षकबंधूंना यात विशेष गोडी वाटेल, कारण पहिली अडचण आपल्या व्याकरणाचीच आहे.

यंत्राला शब्दाचा अर्थ कळत नाही; त्याला अक्षरांची रांग तेवढी दिसते. "विहीर" ही एक रांग, "विहिरीत" ही दुसरी, "विहिरींना" ही तिसरी. आपण मुलांना शिकवतो की विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, आणि त्यात उपान्त्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. यंत्राला हे सांगितलेले नसेल, तर "विहीर" शोधणाऱ्याला "विहिरीत गाळ साचला" ही नोंद मिळणार नाही. "पाऊस" आणि "पावसाने" यांत तर पहिल्या अक्षरापुढे दोघांचे नातेही दिसत नाही.

दुसरी अडचण लेखनाची. कोणी "शिंदे" लिहितो, कोणी "शिन्दे". रजिस्टरात "१२५" असे देवनागरी आकडे असतात, शोधणारा इंग्रजी आकडे टंकतो. आणि "कऱ्हाड" या शब्दातला अर्धा र पाहा. तो संगणकात दोन निरनिराळ्या तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी फरक कळत नाही. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका टंकलेखकाने एका रीतीने नोंद केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोध केला, की यंत्र सरळ सांगते: सापडले नाही. येथे कोणाचीच चूक नाही, आणि माणूस मात्र परत जातो.

यावर उपाय चाळणीचा. शब्द सूचीत घालण्याआधी एका चाळणीतून काढायचा, आणि शोधणाऱ्याचा शब्दही त्याच चाळणीतून काढायचा. दोघे एकाच रूपात आले की भेट होते. लुसीनमध्ये भारतीय लिप्यांसाठी अशा चाळण्या आहेत. एक चाळणी कोणत्याही लिपीतले आकडे एका रूपात आणते. हिंदीसाठी केलेली चाळणी अर्ध्या न चा अनुस्वार करते, नुक्ता काढते, दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करते.

तुम्ही म्हणाल, मग सगळे एकसारखे करून टाकावे, म्हणजे भांडणच मिटले. तसेही चालत नाही. ऱ्हस्वदीर्घ पुसले की "दिन" आणि "दीन" एक होतात, "सुत" आणि "सूत" एक होतात. मुलगा शोधायला गेला आणि धाग्याची गुंडी हाती आली, अशी गत. चाळणी फार बारीक असली तर दाणेही खाली पडत नाहीत. फार मोठी असली तर खडेही दाण्यांबरोबर येतात. म्हणून जाणते लोक एकच नाव दोन प्रकारे सूचीत घालतात: एकदा जसे लिहिले तसेच्या तसे, आणि एकदा चाळून. तंतोतंत जुळणारे उत्तर वर दाखवायचे, जवळपासचे खाली. शिवाय एखाददुसऱ्या अक्षरचिन्हाची चूक पोटात घालून शोधण्याचीही सोय असते. मात्र शेताचा गट क्रमांक "१२५/२/अ" असा असेल तर त्याला चाळणी लावायची नाही. नाहीतर यंत्र त्या तिरप्या रेघांवर तोडून त्याचे तीन तुकडे करते, आणि "२" असलेली गावातील निम्मी शेते उत्तरात येऊन बसतात. कोणता रकाना तोडायचा आणि कोणता अखंड ठेवायचा, हे आधी सांगून ठेवावे लागते.

आधी सांगितले नाही तर काय होते? यंत्र पहिली नोंद पाहून आपला अंदाज बांधते. पहिल्या नोंदीत जन्मतारखेसारखे काही दिसले, की तो रकाना तारखेचा असे ते ठरवून टाकते, आणि एकदा ठरलेला प्रकार जागच्या जागी बदलता येत नाही. मग जुन्या रजिस्टरातली "श्रावण शुद्ध ५, शके १८७६" अशी जन्मतिथी आली, की यंत्र ती सबंध नोंदच नाकारते. नाव बरोबर, गाव बरोबर, पण एका रकान्यापायी माणूस सूचीतून बाहेर! आपले वृद्ध गृहस्थ असेच बाहेर राहिले असतील. यावरही सोय आहे: न समजलेला रकाना तेवढा बाजूला ठेवून बाकीची नोंद सूचीत घ्यावी, आणि काय वगळले याची खूण ठेवावी. पण ही सोय आपणहून चालू नसते. कोणीतरी विचार करून ती चालू करावी लागते.

येथून आपण दुसऱ्या अंगाकडे येतो. चाळणी कितीही चांगली लावली, तरी काम करता करता काहीतरी मोडतेच. वीज जाते, तार तुटते, यंत्राला काम झेपत नाही. मोडणार नाही असे यंत्र कोणी केलेले नाही. प्रश्न एवढाच, की मोडल्यावर कोणाला कळते काय?

एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण तिच्यात फार लोक फसतात. नोंदी एकेक पाठवल्या तर वेळ लागतो, म्हणून हजार हजारांचे गाठोडे करून पाठवतात. गाठोडे पोचले की यंत्र उलट पावती देते: मिळाले. पण ही पावती गाठोड्याची असते. आतील हजार नोंदींपैकी सात नाकारल्या असतील, तर तेही त्याच पावतीत, खाली, एकेका नोंदीपुढे लिहिलेले असते. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने वरची ओळ वाचून समाधान मानले, तर त्या सात नोंदी कोठेच जात नाहीत. कोणाला ओरड ऐकू येत नाही, कोठे लाल दिवा लागत नाही. म्हणून नियम असा, की पावती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

नाकारलेल्या नोंदींचे दोन वर्ग करावे. पहिल्यात यंत्राचे म्हणणे असते, "मी आत्ता कामात आहे, मागाहून या." अशा वेळी पुन्हा पाठवावे, पण लगेच दार ठोठावत बसू नये. एक सेकंद थांबावे, मग दोन, मग चार, मग आठ. आणि सगळ्यांनी एकाच ठोक्याला परत येऊ नये म्हणून प्रत्येकाने थोडे मागेपुढे व्हावे. सरकारी दवाखान्याचे दार उघडताच सगळी रांग एकदम आत घुसली तर काय होते, ते आपण पाहतोच.

दुसऱ्या वर्गात यंत्राचे म्हणणे असते, "ही नोंद मला समजत नाही." ती शंभर वेळा पाठवली तरी शंभर वेळा परत येईल. अशा नोंदीसाठी वेगळी पेटी ठेवतात. पूर्वी ज्या पत्राचा पत्ताही लागत नसे आणि पाठवणाराही कळत नसे, ते पोस्टाच्या डेड लेटर ऑफिसात जात असे. तेथे ते उघडून, वाचून त्याचा धनी शोधीत. संगणकवाल्यांनी आपल्या पेटीला तेच नाव दिले आहे. मात्र पेटी ठेवणे पुरेसे नाही. ती रोज कोणी उघडावी, त्या माणसाचे नाव ठरलेले पाहिजे. न उघडलेली पेटी आणि केराची टोपली यांत फरक काय?

पुन्हा पाठवण्यात आणखी एक मेख आहे. नोंद पोचली, पण पावती वाटेत हरवली, तर पाठवणारा तीच नोंद परत पाठवतो, आणि सूचीत एकाच माणसाचे दोन होतात. यासाठी प्रत्येक नोंदीला मूळ रजिस्टरातलाच क्रमांक द्यावा. यंत्राला आपल्या मनाने क्रमांक देऊ देऊ नये. मग तीच नोंद दहा वेळा गेली तरी ती आपल्याच जागेवर बसते. तसेच दुरुस्तीला अनुक्रम असावा, म्हणजे रस्त्यात रेंगाळलेली जुनी नोंद मागाहून येऊन नव्या दुरुस्तीवर चढून बसणार नाही.

आता यंत्रच बंद पडले तर? मोठी सूची तुकडे करून अनेक यंत्रांवर ठेवतात, आणि प्रत्येक तुकड्याची एक जोडप्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवतात. मूळ आणि जोडप्रत एकाच यंत्रावर कधी ठेवीत नाहीत. एकाच कोनाड्यात दोन्ही किल्ल्या ठेवण्यासारखे ते होईल. एक यंत्र बंद पडले की जोडप्रत मूळ म्हणून काम पाहू लागते. सूचीची तब्येत तीन रंगांत दिसते. हिरवा म्हणजे सर्व जागेवर. पिवळा म्हणजे मूळ आहे पण एखादी जोडप्रत नाही. लाल म्हणजे एखादा मूळ तुकडाच हाताशी नाही.

तार तुटून यंत्रांचे दोन गट पडले आणि दोन्ही गट आपणच खरे म्हणू लागले, तर दोन सूच्या होतील. त्यावर उपाय आपल्या ग्रामसभेचाच: गणपूर्ती. कारभारी निवडण्याचा अधिकार असलेली यंत्रे तीन असावीत, आणि त्यांपैकी दोन एकत्र असल्याखेरीज निर्णय होऊ नये. इलॅस्टिकसर्चमध्ये पूर्वी हा आकडा माणसाने भरावा लागे आणि तेथे चुका होत. २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून ते यंत्रच सांभाळते.

जागेकडेही लक्ष हवे. यंत्राची साठवण ८५ टक्के भरली की त्यावर नव्या जोडप्रती येणे थांबते, ९० टक्क्यांना असलेले तुकडे दुसरीकडे हलवू लागतात, आणि ९५ टक्क्यांना त्या यंत्रावरच्या सूच्यांत नवे लिहिणेच बंद होते. हे आकडे बदलता येतात, पण कणगी ओतू जाईपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही.

जोडप्रतीला राखीव प्रत मात्र समजू नये. चुकून कोणी नोंदी पुसल्या, तर त्या जोडप्रतीतूनही त्याच क्षणी पुसल्या जातात. राखीव प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी काढलेली असावी, आणि ती परत भरता येते की नाही हे अधूनमधून करून पाहावे.

आता सर्वांत नाजूक जागा. सूचीचे पाच तुकडे आहेत आणि एक हाताशी नाही. अशा वेळी कोणी शोध केला, तर यंत्र बहुधा चार तुकड्यांत पाहून उत्तर देते, आणि सोबत एक ओळ जोडते: पाचांपैकी एक तुकडा पाहता आला नाही. यंत्र प्रामाणिक आहे. पण ती ओळ पडद्यावर दाखवायची की गिळून टाकायची, हे सॉफ्टवेअर बांधणारा ठरवतो. त्याने ती गिळली, की खिडकीशी फक्त "नोंद सापडली नाही" एवढेच पोचते. "मी सर्व पाहिले, नाही" आणि "मी थोडे पाहिले, त्यात नाही" ही दोन उत्तरे निराळी आहेत, आणि माणसाचा दाखला त्या फरकावर अवलंबून असतो. तो तुकडा न पाहता उत्तरच देऊ नये, असेही यंत्राला सांगता येते. जेथे "नाही" म्हटल्याने कोणाचा हक्क बुडेल, तेथे ते अवश्य सांगावे.

शेवटची तजवीज मोजदादीची. रोज रात्री रजिस्टरातल्या नोंदी मोजाव्या, सूचीतल्या मोजाव्या, आणि आकडे जुळवून पाहावे. दुकानदार गल्ला जुळवल्याशिवाय फळी लावीत नाही. फरक निघाला तर पेटी उघडावी. फरक फार असेल, किंवा चाळणीच बदलायची असेल, तर रजिस्टरावरून सबंध नवी सूची बांधावी. जुनी तोवर चालू ठेवावी. नवी मोजून-तपासून झाली, की दारावरची पाटी जुनीवरून काढून नवीवर लावावी. शोधणाऱ्याला बदल झाल्याचे कळतही नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा विषय वर्गात घेण्यास संगणक लागत नाही. पाठ्यपुस्तकातला एक धडा घ्या. प्रत्येक परिच्छेदाला आकडा द्या. मुलांकडून शब्दांची उलटी सूची करवून घ्या, आणि मग विचारा: "पाऊस" शब्द किती परिच्छेदांत आला? कोणी "पावसात" मोजले असेल, कोणी नसेल. तेथे जो वाद होईल तोच खरा धडा. पुढे एका मुलाच्या हातातले दोन परिच्छेद काढून घ्या आणि पुन्हा विचारा. "नाही" असे म्हणणारा मुलगा आणि "माझ्याजवळ एवढेच आहे, त्यात नाही" असे म्हणणारा मुलगा, यांतला फरक मुलांच्या चटकन ध्यानात येईल.

आणि खिडकीपुढे उभे राहण्याची पाळी आपल्यावर आली, तर नम्रपणे पण ठामपणे तीन गोष्टी विचाराव्या. साहेब, नाव दुसऱ्या रीतीने लिहून पाहता काय? नावाऐवजी रजिस्टर क्रमांकाने किंवा सालाने पाहता काय? आणि तरीही नसेल, तर मूळ रजिस्टर कोठे आहे? यांतला तिसरा प्रश्न विसरू नये. आपले वृद्ध गृहस्थ तो विचारतील, तर बहुधा त्या जुन्या पानावर, श्रावण शुद्ध पंचमीच्या नोंदीसह, त्यांचे नाव त्यांची वाट पाहत असलेले आढळेल.